कार्डाला शेवट कळतो

७ ऑक्टोबर २००३, मंगळवार

नवी वही घेतली नाही. रेकॉर्डिंगच्या नोंदींची जुनीच वही उलटी केली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली. पुढून भजनी मंडळांची नावं, कुठल्या माईकला कुठे ठेवलं वगैरे. मागून माझं डोकं.

बाबांच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट आज कणकवलीत मिळाला. कॅन्सर आहे. डॉक्टर चांगला माणूस, गोल गोल बोलला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, कोल्हापूरला. मानेला भोक पाडून त्यातून श्वास घ्यायचा. जीव वाचेल, आवाज जाईल. वीस तारीख दिली आहे. बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "एस्टी कितीची आसा?"

घरी आल्यावर पुढच्या खळ्यात, अंगणात, जाळं सांधायला बसले. दोर पायाच्या अंगठ्यात धरून ताणायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे, ही त्यांची जुनी पद्धत. चाळीस वर्षं होडीवर काढली, आता होडी नाही, पण शेजाऱ्यांची जाळी येतात. आई शेजारी बसून होती. मीही. कोणी काही बोलावं असं वाटत होतं आणि कोणी बोलू नये असंही.

संध्याकाळी बाबा देवळात जाऊन आले. म्हणाले, "कौल घेतलंय. देव म्हणता, गाऱ्हाणा मागे ठेव, मगेच घाट चढ."

आमच्या वाडीचं गाऱ्हाणं बाबा घालतात. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांच्या आधी आजोबा घालत. लिहिलेलं कुठेच नाही.

"तू शीक मगे," ते म्हणाले. "धा मिन्टांचा तर आसा."

मी हसलो. "कित्याक शिकू? मशीन आसा मा! एका दुपारचा काम."

मुंबईत सात वर्षं कॅसेटच्या कारखान्यात काढून मी गावात आलो, पडवीत काथ्याच्या चटया आणि गोधड्या टांगून स्टुडिओ केला, एक कॉम्प्युटर उभा केला. दशावताराची, भजनांची रेकॉर्डिंग करतो. घरच्या माणसाचा आवाज मात्र अजून एकदाही घेतलेला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एका दुपारचं काम झालं नाही.

दुपारी दोनला वाडी झोपते, तेव्हा बसलो. बाबा माईकसमोर खुर्चीवर, डोळे मिटून. पायाशी कॅबिनेट. मी पलीकडे हेडफोन लावून, 'व्हय म्हाराजा' म्हणायला. आवाज खरखरीत झालाय, पण काय आवाज आहे! वाक्य उचलतात आणि अलगद ठेवतात. मी इतकी वर्षं देवळाच्या मागच्या रांगेत उभा राहून हे ऐकलं आणि कधी नीट ऐकलंच नाही.

सातव्या मिनिटाला हेडफोनमध्ये चरचर सुरू झाली. मीठ लावलेला मासा तव्यावर टाकल्यावर होते, तशी. मग खाली एक घूंऽऽ. मी हात वर केला. बाबा थांबले.

वाटलं चिडतील. दिवसातून दहा मिनिटांच्या वर बोलवत नाही त्यांना. पण नाही. खांदे खाली आले, चेहरा एकदम मोकळा झाला. "होऊंदे रे. मशीनच तां. उद्या करूया." इतका समजूतदार माणूस मी दुसरा पाहिला नाही.

झालेल्या सात मिनिटांना पुढचं जोडून घेऊ, म्हटलं. तर ते चालत नाही. "गाऱ्हाणा तोडूचा नसता. तुटला तर पयल्यापासून." मग माझी बायको, रश्मी, म्हणाली, टेपरेकॉर्डरवर घ्या आणि मोकळे व्हा. बाबा लगेच म्हणाले, "टेप नको. आमच्या वाऱ्यार फीत बुरसता." यावर बापलेकाचं पहिल्यांदाच एकमत झालं. कॅसेटचं मला नावसुद्धा नको. सात वर्षं पुरे झाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

घूं सापडली. अर्थिंग. नारळाखालचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. मीठ आणि कोळसा टाकला, चार बादल्या पाणी ओतलं. घूं गेली. पडवीतली ट्यूबसुद्धा बंद ठेवली. आता फक्त चरचर.

चरचर साउंड कार्डाचीच आहे, माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी पट्टी ती. कधी येते, कधी नाही. माझं भजनी मंडळ बसवलं की शहाण्यासारखं चालतं. बंद पडणारी वस्तू परवडली, ही अशी लहरी नको.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चोर सापडला! कॅबिनेट उघडलं आणि थक्क झालो. कार्डाच्या स्लॉटमध्ये कुंकू. हळद. दोन अक्षता. झेंडूची एक पाकळी, वाळलेली. दसऱ्याला आईने कॉम्प्युटरची पूजा केली होती, जाळीवर हळदकुंकू वाहिलं होतं आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं होतं.

मी ओरडलो. फार ओरडलो. आई म्हणाली, "आमच्या घरात हत्यार पूजल्याशिवाय ऱ्हवता? होडी पूजलंव, कोयतो पूजलंव, ह्येणा काय पाप केल्यान? तेतूर पाणी गेला ता माका काय म्हायत?" आणि डोळ्याला पदर लावला. बाबा जाळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "आवशीर कित्याक आरडतंस?"

शाळेतल्या खोडरबराने कार्डाची पितळी टोकं घासली, स्लॉट ब्रशने झाडला, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. तासभर चालवलं. स्वच्छ. एक टकसुद्धा नाही. उद्या बाबा, सोमवारी कोल्हापूर. आईची माफी मागायला हवी. उद्या मागतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ मिनिटं स्वच्छ. मी मनातल्या मनात नाचत होतो. होड्यांचं झालं, आजाऱ्यांचं झालं, 'गेल्लो माणूस घराक पावंदे' झालं. आता फक्त शेवट. 'चुकला-माकला पदरात घे' म्हणून चार वाक्यं, की संपलं.

आणि आवाज गेला. चरचर नाही, घूं नाही. एक कट्ट आणि मग काही नाही. पडद्यावर सरळ रेघ.

बाबांनी डोळे उघडले. "गेला?"

"गेलं."

"कार्डच बेकार तुझा," ते म्हणाले, आणि उठून चहा मागितला.

१९ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवसांत तीन वेळा. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. विंडोज पुन्हा घातलं. बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. तिन्ही वेळा शेवटाकडे कट्ट.

बाबा ठाम आहेत. कौल म्हणजे कौल, गाऱ्हाणं ठेवल्याशिवाय घाट चढणार नाहीत. बूथवरून कोल्हापूरला फोन केला. डॉक्टर नाराज झाले, पण तीन नोव्हेंबर दिली. वर विचारलं, "अडचण काय आहे नेमकी?" काय सांगू? म्हटलं, घरगुती आहे. साउंड कार्डामुळे कॅन्सरचं ऑपरेशन अडलंय हे कोणाला सांगायची सोय नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. बाबांनी दुधात भिजवलेले पोहे खाल्ले, तेसुद्धा थांबत थांबत. श्वास घेताना आता शिट्टीसारखा आवाज येतो. रेकॉर्डिंगमध्ये तो मला दिसतो. प्रत्येक वाक्याच्या आधी पडद्यावर एक बारीकशी लव उठते. नऊ तारखेच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती.

आज पुन्हा कट्ट. मी टेबलावर मूठ आपटली. बाबा दचकले, आणि मग मलाच समजावायला लागले. मला लाज वाटली.

त्यांना विचारलं, तुमच्या गाऱ्हाण्यात तुमच्यासाठी काहीच का नाही? सगळ्यांचं मागता, होडीचं, गुराचं, शेजारच्या सुनेचं. म्हणाले, "घालणाऱ्यान सोतासाठी मागूचा नसता. तो लोकांचा तोंड." मग तुमच्यासाठी कोण मागतं? त्यावर खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "ता कार्ड बघ तू."

रश्मी जेवताना म्हणाली, "तुमका कार्ड दुरुस्त करूक येता, म्हणान तुमी कार्डच दुरुस्त करतास." हिला काय म्हणायचंय ते सरळ म्हणत नाही कधी. मी तसाच पानावरून उठलो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कणकवली. दीपेशच्या दुकानात कार्ड घेऊन गेलो. मशीन त्यानेच जोडून दिलं होतं. दोन तास चालवलं त्याने, हलवलं, पंख्यासमोर धरलं, गरम केलं. म्हणाला, "रवीदादा, ह्या कार्डाक काय्येक झालेला नाय."

मी म्हटलं, तुझ्या दुकानात नसेल झालं. माझ्या घरात होतं.

"मगे तुमच्या घराक झालाहा," म्हणाला आणि हसला. माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं. नवं कार्ड दिलं, चांगल्यातलं. माईकची केबल पण नवी दिली.

येताना वाटेत कट्टा गावात एस्टी थांबली तेव्हा खिडकीतून बघत बसलो. लोक बाजार करत होते, भांडत होते, एक म्हातारा बोंबलत कोणाला तरी हाक मारत होता. इतक्या लोकांना फुकटचा आवाज दिलाय आणि कोणाला त्याचं काही नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

नवं कार्ड. नवी केबल. तोच कट्ट.

मी आतापर्यंतचे सगळे प्रयत्न पडद्यावर एकाखाली एक लावले. पहिला सोडला तर अकरा. अकराच्या अकरा एकाच जागी तुटतात. 'घराक पावंदे'च्या पुढे आणि 'चुकला-माकला'च्या मागे. कधी सव्वानऊ मिनिटांवर, कधी दहावर, कारण बाबा कधी सावकाश बोलतात. पण जागा तीच.

म्हणजे वेळेचा प्रश्न नाही. फाईल मोठी होते म्हणून तुटतं म्हणावं, तर मी स्वतः माईकसमोर बसून कालचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून मोठ्याने वाचलं. निधनवार्तांपर्यंत पोचलो, तेवीस मिनिटं. काही झालं नाही. माझा आवाज घेतं, भजन घेतं, वर्तमानपत्र घेतं. बाबांचाच शेवट तेवढा घेत नाही.

बाबांच्या आवाजात गाठीमुळे असा काही सूर आलाय का, की त्याने कार्ड बंद पडतं? हे लिहितानाच कळतंय की वेड्यासारखं आहे. पण दुसरं काय असेल?

२ नोव्हेंबर, रविवार

बाबांना म्हटलं, आज शेवट आधी म्हणा. म्हणाले, कोणी शेवट आधी म्हणतो का? देव काय म्हणेल? आणि तोंड फिरवून पडून राहिले.

रश्मीला अकरा रेघा दाखवल्या. तिने तुटलेल्या जागेवरून बोट वरून खाली नेलं. मग म्हणाली, "कार्डाक शेवट बरो कळता, नाय?"

मी म्हटलं, थट्टा नको.

"मी थट्टा करूक नाय," म्हणाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज ऑपरेशनची तारीख होती. आम्ही घरीच.

सकाळी बाबांच्या थुंकीत रक्त आलं. आईने पाणी ओतून पुसून टाकलं, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. बूथवर गेलो. डॉक्टर या वेळी चांगलेच तापले. चौदा तारीख शेवटची. त्यानंतर गाठ श्वासाची वाट बंद करेल, मग ऑपरेशन नाही, काहीच नाही. "तुम्हाला वडील हवेत की नकोत?" असं विचारलं त्यांनी मला. बूथवाला ऐकत होता.

घरी येऊन बाबांना म्हटलं, कौल गेला खड्ड्यात, उद्या चला. असं मी देवाबद्दल पहिल्यांदाच बोललो. ते म्हणाले, "देवाचो शब्द मोडून गेलंय आणि टेबलार मेलंय तर?"  पडवीत जाऊन दार लावून घेतलं आणि गोधडीत तोंड खुपसून रडलो. मोठ्याने. आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच तर टांगल्यात त्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझे हात मोकळे हवेत म्हणून उद्या 'व्हय म्हाराजा' म्हणायला दाजींना बोलवायला गेलो. दाजी म्हणजे देवळाचे गुरव, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांना गुणाजी म्हणून हाक मारणारे. देवळात कौल लागतो तो त्यांच्याच हाताने. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, विचारायचं, आणि उजवी पडते की डावी ते बघायचं.

म्हटलं, दाजी, त्या कौलातून बाबांना मोकळं करता येईल का? दुसरा कौल लावून?

दाजी बघतच राहिले. "खंयचो कौल? गुणाजीन शिगम्यापासून माझ्याकडे कौल मागूक नाय."

"दसऱ्यानंतर आले होते मा?"

"इल्लो. थंय खांबाकडे बसान ऱ्हवलो घटकाभर. काय्येक बोलूक नाय. आवशीचो घो, कौल लागलो तर माका म्हायत नसतला?"

दाजी हल्ली विसरतात. गेल्या जत्रेत नारळ कोणाचा ते विसरले होते. देवाच्या नावाने खोटं बोलणारा माणूस माझा बाप नव्हे. वाडीत ज्याच्या शब्दावर होड्या समुद्रात जातात, तो कशाला बोलेल?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज दाजी माझ्या खुर्चीवर बसले. मी बॅटरी घेऊन कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, जमिनीवर पालथा. माईकच्या केबलचं टोक, तो जॅक, प्रत्यक्ष बघायचा, कट्ट होतो तेव्हा नेमकं काय हलतं ते. बाबांना सांगितलं नाही, त्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

नऊ मिनिटं मी जॅककडे बघत होतो. तो जागचा हलला नाही. वर बाबा 'गेल्लो माणूस घराक पावंदे' म्हणाले. दाजी 'व्हय म्हाराजा' म्हणाले.

मग टेबलाखाली बाबांचा उजवा पाय पुढे आला. चाचपत आला. केबल सापडली. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात त्याने ती धरली, दोर धरतात तशी.

पाय थरथरत होता. खूप. इतका, की केबल आधी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा धरली आणि ओढली. जॅक नखभर मागे सरकला, बाहेरून बसल्यासारखाच दिसत होता. कट्ट.

मी तिथेच पडून राहिलो. हात दोन वीत पुढे केला असता तर तो पाय धरता आला असता. धरला नाही. दाजी वरून म्हणाले, "रवी, गेला काय रे ता?"

मी बाहेर आलो, कपडे झाडले.

"गेलं," मी म्हटलं. "कार्डच बेकार."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "उद्या?" म्हणाले.

"उद्या," मी म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रेकॉर्डिंग केलं नाही. सकाळभर समुद्रावर बसलो.

खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, आईला कुंकवावरून रडवलं, विंडोज पुन्हा घातलं, कणकवलीला जाऊन आलो. घरातल्या एका माणसाला एक प्रश्न विचारला नाही. बाबा, भीती वाटते का? पाच शब्दसुद्धा नाहीत. मला त्यांचा आवाज हवा होता आणि त्या आवाजात ते काय म्हणतायत ते नको होतं.

रश्मीला सांगितलं. ती म्हणाली, "माका वाटलाच होता." आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "रात्री माझो हात धरून निजतत. लग्नापासून कधी धरूक नाय."

मग मी तिची कुंकवाबद्दल माफी मागितली. तीन आठवडे उशिरा.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दोन. बाबा सवयीने माईकसमोर बसायला गेले. मी म्हटलं, "तुमी थंयसर बसा. आज मी घालतंय. तुमी व्हय म्हणा."

"तुका खंय येता?"

"बारा वेळा आयकलंय. तेरावी वेळ नको."

हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. माझे कान मोकळेच ठेवले. केबल भिंतीकडून फिरवून घेतली. ते त्यांनी बघितलं. केबलकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाबांचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता. मी नजर खाली केली आणि सुरुवात केली.

आश्चर्य म्हणजे आलं. सगळं आलं. बारा वेळा मी कार्ड ऐकत होतो असं मला वाटत होतं. होड्या, गुरं, आजारी, परगावी गेलेले, सगळे ओळीने येऊन उभे राहिले. बाबा दर वाक्याला हलक्या आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, एकदा एक नाव चुकलं तिथे बोट हलवून सुधारलं. 'गेल्लो माणूस घराक पावंदे' झालं. तिथे मी थांबलो. मग जे बोललो ते मशीनवरून ऐकून जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या म्होरे गुणाजी उभो नाय. गुणाजीचो झील उभो आसा. पन्नास वर्सां ह्या माणसान तुझ्याकडे दुसऱ्यांचा मागल्यान. सोतासाठी काय्येक मागूक नाय, मागूचा नसता म्हणान. म्हणान आज मी मागतंय. तो भियालो आसा, म्हाराजा. आवाज जातलो म्हणान भियालो, सुरयेक भियालो, थंयसून घराक येतलो काय नाय म्हणान भियालो. मी पण भियालंय. भियाच्या पायी तेच्या तोंडातसून तुझ्या नावान एक खोटा गेला असात, तर ता माझ्या माथ्यार घाल. घाट चढान जातलो, तो घाट उतरान घराक येवंदे. आवाजाशिवाय येवंदे. माका चलात."

आणि गप्प बसलो. 'व्हय' यायची जागा होती. आलं नाही.

पडद्यावर रेघ चालत होती. बाबांच्या श्वासाची शिट्टी माझ्या माईकपर्यंत येत होती. एकवीस सेकंद, मी नंतर मोजले. खुर्ची कुरकुरली. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, घसा साफ करायचा प्रयत्न केला आणि म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

आत्तापर्यंतचं सगळ्यात मोठं. चटया-गोधड्या असूनही ते खळ्यात आईला ऐकू गेलं.

मग मी 'चुकला-माकला पदरात घे' म्हटलं, उरलेली वाक्यं म्हटली, आणि गाऱ्हाणं पुरं झालं. कार्ड एकदाही तुटलं नाही.

बाबा उठले. दाराशी थांबून, पाठमोरेच म्हणाले, "एस्टी कितीची आसा?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कोल्हापूर. फोंडाघाटला एस्टी चहाला थांबली तेव्हा बाबांनी आईला घावण्यांचं फडकं सोडायला लावलं, स्वतः एक घास खाल्ला, गिळता आला नाही. घाटात पूर्ण वेळ बोलत होते. पाव शतकापूर्वीचं एक वादळ, एक हरवलेली होडी, कोणाच्या लग्नातली भांडणं. मी एकही शब्द रेकॉर्ड केला नाही. सगळं ऐकलं.

उद्या सकाळी आठला.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर हात लावला नसता. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. मानेला नळी आहे. श्वासाची शिट्टी बंद झाली, आता नुसती हवा येते-जाते.

आज त्यांना पाटी दिली.  मला वाटलं पाणी मागतील किंवा आईला विचारतील. लिहिलं, 'कार्ड?'

मी म्हटलं, "बरा झाला. एकदम बरा."

त्यांनी डोळे मिटले. छाती हलायला लागली. मी घाबरून नर्सला हाक मारणार होतो, मग कळलं की हसतायत. आवाज नसलेलं हसू मी पहिल्यांदाच बघत होतो.

बारा रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज आहे, शेवट नाही. तेराव्याला शेवट आहे, तो माझ्या आवाजात.

औषधांची चिठ्ठी घेऊन खाली जायला उठलो. पलंगाच्या पायथ्याशी बसलो होतो. उठताना शर्ट कशाला तरी अडकला. पलंगाची कडी असेल म्हणून वळलो. चादरीतून उजवा पाय बाहेर आला होता आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरलेलं होतं. डोळे मिटलेलेच होते.

चिठ्ठी आईकडे दिली आणि मी परत बसलो.